अक्काचं तोडलेलं वाक्य

मालतीअक्का गेल्याची बातमी धुळ्याहून रफिकभाईंनी फोनवर दिली. ते तिच्या घरासमोरचे औषधविक्रेते, तीस वर्षांचे शेजारी. "दिनकरभाऊ, अक्का गयी…" एवढंच बोलले. मी जळगावच्या घरात चहाचा कप हातात घेऊन उभाच राहिलो. पाचव्या दिवशी अक्का पुन्हा भेटली, ती मोबाइलवर. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटावर कोणीतरी एक जाहिरात टाकली होती. त्यात अक्का हसत होती, शेजारी गुडघेदुखीच्या गोळ्यांची बाटली आणि तिच्याच आवाजात एक वाक्य : "हरणाच्या शिंगासारखं भराभर वाढणारं हाड दुसरं नाही." खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'आजच मागवा'. वाक्य तिचंच होतं, पण अर्धं. आणि ते विकणाऱ्याच्या हाती कोणी दिलं म्हणाल, तर मीच.

अक्का माझी चुलतबहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. धुळ्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, घरी बोलताना मध्येच अहिराणीवर यायची. लग्न केलं नाही. तरुणपणी परवानगी काढून एका बंदिस्त कुरणातल्या चितळाच्या नरापुढे वही घेऊन बसायची आणि दर आठवड्याला त्याच्या शिंगांचं चित्र काढायची. ही शिंगं गळतात आणि नवी येतात. नवी वाढत असताना त्यांच्यावर मखमलीसारखी लव असते, आत रक्त खेळत असतं. वाढ पुरी झाली की ती मखमल सोलून निघते. परदेशात पाळीव हरणांची शिंगं त्या मखमली अवस्थेतच कापून वाळवतात, पूड करतात आणि सांध्यांपासून मर्दानगीपर्यंत सगळ्यावर विकतात. त्या पुडीवर कोणी कोणी काय प्रयोग केले, ते निवृत्तीनंतर अक्का वाचत बसायची. प्रयोग किती माणसांवर केला, खर्च कोणी उचलला, औषध नसलेली साधी गोळी कोणाला देऊन पाहिली… सगळे प्रश्न समासात लाल शाईने.

मी आयुष्यभर विमा विकला. समोरच्याची मान कधी हलणार ते मला त्याच्या आधी कळायचं. तरी स्वतःची मान कधी हलली ते कळलं नाही! गुडघा धरला, कोणीतरी शिंगांच्या पुडीची ती बाटली दिली आणि आठ दिवसांत मी जिने चढू लागलो. महिन्याभरात फिरायच्या गटातल्या निम्म्या लोकांच्या खिशात तीच बाटली होती, माझ्यामुळे. ती घेऊन मी ऐटीत धुळ्याला गेलो.

अक्कानं चष्मा वर करून बाटली फिरवून पाहिली. "इथल्या हरणाचं असेल तर गुन्हा. परदेशातलं असेल तर कागद दाखव. आणि कोणाचंच नसेल तर पीठ!"

"अक्का, मोबाइलपुढे दोन शब्द तरी बोल. शिंगांवर."

शिंगांवर म्हटल्यावर ती खुलली. हाडाच्या वाढीचं ते वाक्य बोलली आणि पुढे म्हणाली, "पण ते जिवंत हरणाच्या डोक्यावर. या बाटलीत काय शे, माले माहीत नाही." 'पण'च्या आधीच मी बोट दाबलं होतं. चुकून नव्हे. कुठे थांबायचं हे विमावाल्याला बरोबर कळतं. संध्याकाळी ते चित्रण बाटली विकणाऱ्याला पाठवूनही दिलं.

मला रिकाम्या हाती जाऊ देईल ती अक्का कसली! माझ्या निम्म्या कॅप्सूल तिनं रफिकभाईंकडे दिल्या. त्यांनी त्या रिकाम्या करून त्यात भाजलेलं तांदळाचं पीठ भरलं. मग दोन डब्या झाल्या, एकीला लाल दोरा, दुसरीला निळा. कशात काय ते फक्त रफिकभाईंना ठाऊक. मला नाही, अक्कालाही नाही. "ही हरणाची परीक्षा नाही, तुनी शे," ती म्हणाली. मी महिनाभर लाल, महिनाभर निळ्या दोऱ्याच्या डबीतली गोळी घेतली आणि रोज गुडघ्याला दहापैकी गुण दिले. निळ्या महिन्यात मी सोनगीरचा किल्ला चढून आलो आणि वहीत नऊ गुण टाकून खाली दोन रेघा मारल्या.

निळं म्हणजे पीठ होतं.

अक्का हसता हसता खुर्चीतून घसरायच्या बेताला आली. "दिन्या, तुना गुडघाले पीठबी चालस!" मग एकदम गंभीर झाली. "एका माणसाच्या गुडघ्यानं काहीच सिद्ध होत नाही, हेही लिही. त्या शिंगातून उद्या हाडांसाठी काही सापडेलही. सापडलं की मीच पेढे वाटीन. आज सापडलं म्हणू नका." तेव्हा मी चित्रणाचं कबूल केलं. तिनं वही मिटून बाजूला ठेवली. "मी आहे तोवर तो बाटलीवाला ते दाखवणार नाही. त्याला माहीत आहे, मी तक्रारीचे फोन करीन."

तो थांबला. ती गेल्यावर पाचव्या दिवशी त्यानं दाखवलं.

कॉलेजच्या शोकसभेला तो आलाही. अक्कांचं अपुरं काम आपण पूर्ण करू, असं माइकवर म्हणाला. दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. मी उठलो आणि ती वही वाचली, नऊ गुणांसकट, पिठासकट. वाक्य कोणी तोडलं तेही सांगितलं. जळगावहून आलेली माझी फिरण्याची मंडळी खाली बघत होती. त्यांच्या खिशात मीच घातलेल्या बाटल्या होत्या.

"भाऊ, दुःखाच्या प्रसंगी हे शोभतं का?" तो म्हणाला.

"नाही शोभत," मी म्हणालो. "पण ती असती तर याहून वाईट बोलली असती."

जाहिरात अजून फिरते आहे. मी तक्रार केली, अर्ज दिले. मला थकवू पाहणाऱ्यांनी मी किती वर्षं लोकांची दारं वाजवली आहेत हे आधी विचारून घ्यावं. हल्ली आठवड्यातले तीन दिवस मी धुळ्यात तिच्या खोलीत, तिच्या टेबलाशी बसतो. भिंतीवर चितळाच्या शिंगांची चित्रं आहेत, टेबलावर तिचा जुना फोन. गोळीबद्दल विचारायला हा नंबर लावा, असं तिचे माजी विद्यार्थी पसरवताहेत. परवा दोंडाईच्याहून एका मावशींचा फोन आला.

"अक्कानी गोळी कोठे भेटस?"

मी पूर्ण वाक्य सांगितलं. 'पण'सकट.

"मंग मी काय करू भाऊ? गुडघा तं दुखस."

"डॉक्टरला दाखवा, मावशी. माझाही दुखतो."

"मंग तू कोनती गोळी खास?"

"काही नाही. चालतो, आणि दुखलं की ओरडतो."

मावशी खदखदून हसल्या, मला एक अस्सल शिवी हासडली आणि शेजारणीलाही हेच सांगते म्हणाल्या. मी फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला.