म्हणे, शांत ठेवा

माणसं आजाऱ्याला भेटायला कशाला येतात, हे मला धाकट्या भावाच्या दुखण्यात कळलं. तेव्हापासून कुणी ‘भेटायला येतो’ म्हणालं तरी मला शिसारी येते.

भावाच्या पित्ताशयातला खडा सरकून नळीत अडकला आणि स्वादुपिंडाला सूज आली. शहरातल्या दवाखान्यात ठेवलेलं. नाकात नळी, तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. मी मुकुंदवाडीहून रोज जायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ताई, ह्यांना शांत ठेवा. भीती वाटली, राग आला की अंगात हार्मोन सुटतात. एरवी त्यातलेच काही सूज आवरतात. पण ताण हटलाच नाही, तर त्यांचा ताळ सुटतो आणि सूज आणखी भडकू शकते. ह्यांना आत्ता ते झेपायचं नाही.”

कसलं शांत! करमाडहून जीप भरून गोतावळा आला. उपाशी माणसाच्या उशाशी बसून मचामचा केळी खाल्ली, सालं कॉटखाली सारली. काकू म्हणाली, “आमच्या शेजारचा असाच गेला बघा, पोट फुगून.” तेही त्याला ऐकू जाईल असं. जिभेला काही हाड?

सगळ्यांवर कडी केली थोरल्या मामानं. हे दुखणं म्हणजे दारूच, एवढंच त्यानं कुठंतरी ऐकलेलं. माझ्या भावानं जन्मात थेंब घेतला नाही.

“मामा, खडा हाय, खडा!” मी ओरडले.

“व्हय व्हय, समदे असंच म्हणत्यात,” म्हणत त्यानं बेसिनात गुटख्याची पिंक टाकली. आणि हा निघाला दुसऱ्याचं व्यसन सोडवायला! शी!

आमच्याकडं दारू सोडवायची तर लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. मामानं भावाची तिसरीतली पोर पुढं ओढली. सलाइन लावलेला त्याचा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. “म्हण, आजपासून शिवणार नाय.”

भाऊ नाही-नाही म्हणून मान हलवत राहिला. मशीनवर ठोक्यांचा आकडा चढत चालला. मी मधे पडले तर काकूनं माझा दंड आवळला. म्हणे, भल्याचंच चाललंय. शेवटी तो पुटपुटला, “शिवणार नाय.” त्याशिवाय ते हटेचनात, काय करणार बिचारा!

गोतावळा खूश होऊन खाली चहाला गेला. मला त्यांच्या तोंडाची, हाताची, मायेची, सगळ्याची किळस आली. असली माया नरकात घाला.

पोर कॉटपाशीच उभी होती. “पप्पा, तुम्ही दारू पिता?”

“नाय गं बाळा. कधीच नाय.”

तिनं आपल्या डोक्यावर हात ठेवून पाहिला.

“मग माझी शपथ का घेतली?”