गवताखालचं घर

घर बांधलंय हे कळताच कामा नये, असं मला तेव्हा वाटायचं. नव्वदीच्या दशकात पाचगणीच्या उतारांवर पांढऱ्या चौकोनी इमारती उगवत होत्या, आणि सांगलीत आर्किटेक्टचं ऑफिस थाटून बसलेला मी त्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेत होतो. अशात साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले. डोंगरउतारावर जागा घेतली होती, नवराबायकोपुरतं घर हवं होतं. मी ते उतारातच खुपसलं. मागची बाजू मातीत, भिंती जांभ्या दगडाच्या, आणि स्लॅबवर माती पसरून तिथलंच गवत. वरून येणाऱ्याला उतार तसाच पुढे गेलेला दिसे. दरीकडे मात्र छप्पर संपे, आणि खाली बारा फुटांवर दारापुढचं फरशीचं अंगण. तिथं कठडा घालू या, असं गवंडी म्हणाला होता. मी नको म्हणालो. उताराची रेघ बिघडली असती.

मोजणीच्या वेळी जागेवरून तिरकी जाणारी एक बारीक पायवाट दिसली होती. नकाशात मी ती घेतलीच नाही.

पहिल्याच श्रावणात सुभेदारांचा फोन आला, बायको घरात राहायला तयार नाही म्हणून. मी गेलो तेव्हा भर दुपारी असं धुकं होतं, की घर आल्याचं फाटक हाताला लागलं तेव्हाच कळलं.

"आवं, वर कोनतरी चालतंय," त्यांची बायको म्हणाली. "मागनं येतं, माज्या डोक्यावरनं जातं, अन् दाराच्या वर आलं की थांबतं. लय येळ थांबतं. मग माघारी जातं."

"मी दोनदा जाऊन बघितलं," सुभेदार म्हणाले. "वर पोचस्तवर कोन न्हाई."

स्लॅब उन्हापावसानं आवाज करतो, वगैरे मी सुरू केलं. तेवढ्यात ते आलं. जड, सावकाश. आमच्या डोक्यावरून गेलं आणि दाराच्या वर थांबलं. आम्ही तिघं छताकडे बघत उभे. मी घाबरलो होतो, उगाच कशाला लपवू.

मागून चढून वर गेलो. सगळं पांढरं. डोंगर कुठे संपला आणि घर कुठे सुरू झालं मला कळेना, आणि ते मीच आखलेलं होतं. चालत राहिलो. मग पायाखालून कुकरची शिट्टी ऐकू आली. मी जागच्या जागी थिजलो. म्हणजे छपरावर होतो, आणि काठ किती लांब आहे ते ठाऊक नव्हतं.

समोर काहीतरी मोठं श्वास घेत होतं. म्हैस होती. तिची शेपटी धरून एक म्हातारी उभी होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोन हाय रं?"

इथलं घर बांधणारा, मी म्हणालो.

"ते व्हय. तुमी बांदत हुता तवा आमी वळसा घालून जायचो. आता गवत आलं, तशी म्हैस जुन्या वाटंला लागली. मला वाटलं, घर मोडून नेलं जनू."

आयुष्यभर हीच दाद हवी होती मला. ती मिळाली तेव्हा मी पायानं काठ चाचपत होतो.

"पन रोज हितंच थांबती," ती म्हणाली. "मारली तरी हलत न्हाई. काल वैतागून मीच फुडं झाले, तर शिंग आडवं घातलं हिनं. काय हाय रं फुडं?"

"काही नाही," मी म्हणालो. तेच खरं होतं. तिचा हात धरून मी तिला मागे वळवलं आणि वरपर्यंत सोडून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं जरा विरळ झालं तेव्हा पुन्हा छपरावर गेलो. ओल्या मातीत खुरांचे ठसे काठापासून हातभर अंतरावर थांबले होते. त्यांच्या पुढे एकच अनवाणी पाऊल उमटलं होतं. टाच होती, तळवा होता. बोटं उमटायला तिथं माती नव्हती.

त्याच दिवशी गवंड्याला बोलावून कठडा सांगितला, आणि घराच्या कडेनं म्हातारीच्या वाटेसाठी पायऱ्या. कठड्याला रंग कोणता द्यायचा, असं त्यानं विचारलं.

"पांढरा," मी म्हणालो. "लांबून दिसेल असा."