अनुमोदक मी

आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीचा अध्यक्ष सरपंच सुचवतात आणि ग्रामसभा त्याला मंजुरी देते. मंजुरी म्हणजे काय, तर नाव पुरतं कानावर पडायच्या आत मागून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका होतो आणि माणूस खुर्चीवर बसतो. नामंजूर झालेला अजून कुणी जन्माला यायचाय.

मी लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन गावी आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षी सरपंचांनी आपल्या साडूचं नाव काढलं. तोवर हे काम माझी चुलत वहिनी बघायची. टाकी धुताना स्वतः उभी राहायची. सभेच्या दिवशी सकाळी ती घरी आली.

“भावजी, मला खुर्ची नको. पण त्याला एवढंच इचारा, टाकी कवा धुत्यात आन् पावडर किती टाकत्यात. बाईनं इचारलं की हसण्यावारी नेत्यात. पाणी समद्या गावाच्या पोटात जातंय.”

विचारतो म्हणालो. चांगली छाती पुढं काढून म्हणालो.

सभेत सरपंचांनी साडूचं नाव वाचलं आणि त्याच दमात, मला न विचारता, पुकारा केला, “अनुमोदक, आपले सुभेदारसाहेब!” टाळ्या पडल्या. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी उठलो, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि म्हणालो, “अनुमोदन देतो.” मंजूर, मंजूर. बायकांच्या रांगेतून वहिनी माझ्याकडं बघत होती, आणि मी छताच्या पंख्याकडं.

भीतीनं मूग गिळून बसलो असतो, तर निदान मनाला तसं सांगता आलं असतं. मी खुशीत गप्प बसलो. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सरपंचांना एक शब्द पुरला, याची आजही लाज वाटते.

आठवड्याच्या आत नवे अध्यक्ष माझ्या दारात. “सुभेदार, ती पाण्यातली पावडर किती टाकायची वो? अनुमोदन तुमीच दिलंय, तवा तुमीच सांगा.”

मला कुठलं ठाऊक? मान खाली घालून वहिनीकडं गेलो. वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. सुटला असता तर बरं झालं असतं. तिनं चहा ठेवला. पावडरीचं माप, ती आधी बादलीत कशी कालवायची, कुठली झडप कवा बंद करायची, सगळं नीट सांगितलं. मी नुसता मान डोलवत होतो.

तिनं फळीवरचं पेन काढून माझ्यापुढं ठेवलं.

“लिवून घ्या, भावजी. तुमी ऐन वक्ताला इसरता.”