ढगामागचा फुजी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांइतका जपान अख्ख्या बहारीनमध्ये कुणी पाहिला नसेल, आणि इतक्या लोकांना इतक्या वेळा बळजबरीने दाखवलाही नसेल. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. नव्वदीच्या सुरुवातीला कंपनीने त्यांना कसल्याशा यंत्राच्या ट्रेनिंगला तीन महिने जपानला धाडलं. यंत्राचं पुढे काय झालं ठाऊक नाही, चाचा मात्र शेवाळाचे फोटो घेऊन परतले. दगडावरचं शेवाळ, छपरावरचं शेवाळ, पाण्याखालचं शेवाळ. दर शुक्रवारी त्यांच्या मनामा शहरातल्या खोलीत भिंतीवर चादर ताणली जायची, पडदे ओढले जायचे, आणि बाहेर ऊन रणरणत असताना आम्ही सगळे बिऱ्हाडकरू चहा पीत ते ओलं हिरवं बघत बसायचो.

फुजी पर्वताच्या तर अकरा स्लाइड्स होत्या आणि अकराही स्लाइड्समध्ये नुसता ढग. "ह्याच्यामागं फुजी हाय. नीट बघा," असं गंभीरपणे सांगून चाचा तो ढग हलवायचेच नाहीत. "चाचा, हा खलास, पुढचा दाखवा," असं आमचे हे एकदा म्हणाले, तर पुढचाही ढगच. मग एकदा अंधारात बाजूने 'खट्' असा आवाज आला आणि मला उमगलं, आम्ही ढगात डोंगर शोधत होतो आणि चाचा आमचे फोटो काढत होते!

"पांढऱ्या ढगाचा उजेड तोंडावर झकास पडतो गो," चोरी पकडल्यावर ते म्हणाले. "नि डोंगर शोधताना माणूस पोज द्यायचा इसरतो." पोज देणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "इकडं बघा म्हटलं की माणूस जातो निघून, नुसता शर्ट ऱ्हातो."

मी तेव्हा लग्न होऊन नवीनच आले होते. साताऱ्याला आईला स्टुडिओतले हसरे फोटो पाठवत होते, आणि आईची पत्रं येत होती: "साडी छान आहे, पण तू दिसत नाहीस. सुखी नसशील तर सांग, दादा तिकीट पाठवील." खरं सांगायचं तर मी बॅग अर्धी भरूनही ठेवली होती. हे कुणाला माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

एका संध्याकाळी चाचांनी जिन्यात माझ्या हातात माझाच एक फोटो ठेवला, ढगात डोंगर शोधतानाचा. केस विस्कटलेले, मान उंचावलेली, तोंड अर्धवट उघडं. "आईला हा धाड."

"अहो चाचा, वेडी दिसतेय मी!"

"आईला शाणी पोर कशाला गो? तिची पोर पायजे."

पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "जत्रेत बाबांच्या खांद्यावरून अशीच बघायचीस. दादाला तिकिटाचं सांगत नाही. रमलीस तू." पत्र हातात घेऊन मी हमसून हमसून रडले. मी रमले होते, आणि ते मला सोडून दोघांना कळलं होतं. त्याच दुपारी मी बॅग रिकामी केली.

पुढे चाचा कायमचे गावी गेले. आईही गेली. आता माझे फोटो सगळे छान येतात.