मागेल त्याची घोंगडी

आठ दिवसांपूर्वी कळंबच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी पिशवीत टाकायला वाकले आणि नाकात चिंचोक्याच्या खळीचा वास शिरला. शेजारीच एक धनगर घोंगड्यांची चवड लावून बसला होता. नव्या घोंगडीला खळ दिलेली असते. ती पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि हात लावला तर टोचते. ज्यांनी ती कधी पांघरली नसेल त्यांना तो वास आंबट नि कोंदट वाटेल. मला तो आला की राग येतो. इतकी वर्षं झाली, पण त्याला काही इलाज सापडलेला नाही. "घ्या की मावशी, औंदा थंडी लई हाय," धनगर म्हणाला. मी तशीच उठले, आणि पैसे देऊन ठेवलेली मेथी तिथंच विसरून घरी आले.

मी नर्स होते. मांजरेकाठच्या एका गावात माझं उपकेंद्र होतं आणि गावाबाहेर माळावर बाबांचा मठ. मठ कसला, चार पत्रे, एक चूल आणि दारात एक खुंटी. बाबा कुठून आले ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलंही नाही. ते मंत्र देत नसत, पाया पडू देत नसत, कुणी हार आणला तर तो शेळीपुढं टाकत. त्यांची शिकवण काय, असं मला पुढं कोर्टात विचारलं गेलं तेव्हा मी म्हणाले, खुंटीवरची घोंगडी. वकील हसले. पण खरंच तेवढीच होती हो! त्या खुंटीवर बाबांची एकुलती एक घोंगडी असे, आणि ज्याला थंडी वाजेल त्यानं ती मागायची. कधी ती रानात राखणीला जाई, कधी बाळंतिणीच्या अंगावर, कधी तापानं फणफणलेल्या वाटसरूबरोबर पार बार्शीपर्यंत. ती परत येईस्तोवर बाबा पोतं पांघरून शेकोटीशी बसत. "मागंल त्याला द्यायची," ते म्हणत. "का म्हणून इचारायचं न्हाय. इचारलं की ती आपली झाली." आणि कुणी कौतुकानं तिची नीट घडी घालू लागलं की ओरडत, "घडी घालू नगा! ठिवलेल्या घोंगडीला कसर लागती."

दादा मला तिथंच भेटले. वाशीकडचे शेतकरी, बायको गेल्यावर सैरभैर होऊन मठात आलेले आणि मग तिथलेच झालेले. सगळ्यांना वाढून झाल्यावर बाबा शेवटी जेवत. त्या शेवटच्या पंगतीला बाबा, दादा आणि मी अशी तीनच पानं असायची. वीस वर्षं. भाकरी संपलेली असली तर दादा आपली अर्धी मोडून माझ्या ताटात टाकायचे आणि वर म्हणायचे, "खा ताई, सुया टोचायला जोर लागतो." मला सख्खा भाऊ नाही. राखी पौर्णिमेला मी त्यांनाच राखी बांधत आले. माणसं ओळखण्यात मी पक्की आहे अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. नाडीवर बोट ठेवलं की मला ताप कळतो. दादांचा मात्र कळला नाही.

बाबा गेले त्या आठवड्यात घोंगडी माझ्या घरी होती. "बाई, हिला जरा पाणी दाखवा," म्हणून त्यांनीच दिली होती. मी ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, खळ दिली, वाळवली. एक कोपरा उसवला होता. काळी लोकर घरात नव्हती, म्हणून लाल दोऱ्यानं शिवला. ती परत न्यायची त्या सकाळी निरोप आला. मी तशीच धावत गेले आणि घोंगडी माझ्या दारातल्या खिळ्यावर राहिली.

तेराव्यालाच तोंडं फिरली. बाबांचा एक पुतण्या शहरातून उगवला आणि रक्ताचं नातं सांगू लागला. दादांच्या बाजूचे सेवा सांगू लागले. ज्या माणसानं उभ्या जन्मात गादी अंथरली नाही, त्याच्या गादीवर कोण बसणार म्हणून माळावर गटागटानं माणसं भांडत होती. मग कुणाच्या तरी तोंडून निघालं, की ज्याच्याकडं घोंगडी तोच वारस. सगळ्यांना ते एकदम पटलं. आजवर गावातल्या निम्म्या घरांत ती घोंगडी राहून आलेली, मग वारस कितीजण, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शोधाशोध सुरू झाली. ती माझ्याकडं आहे असं मी सांगितलं तेव्हा एक जाणता माणूस म्हणाला, "बाईकडं व्हय? मग धुयाला दिली आसंल." सगळे हसले. मीही हसले, कारण धुवायलाच दिली होती. पण वाटेत माझ्या लक्षात आलं, की तीच पुरुषाकडं असती तर वारसा ठरली असती.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, दादा दारात आले. खांदे आवळून उभे होते. "ताई, थंडी वाजायलीय. घोंगडी देता का?"

मी खिळ्यावरून काढली आणि दिली. दोन दिवस आधीचं सगळं मला आठवत नव्हतं का? आठवत होतं. पण विचारायचं नाही असा नेम होता, आणि मागणारे दादा होते. "बसा, चहा टाकते," म्हणून मी आत गेले. चहा घेऊन बाहेर आले तर ओसरी रिकामी. बाबांच्या आठवणीनं रडू आलं असेल, म्हणून निघून गेले असतील, असं मी मनाशी म्हटलं आणि दोन्ही कप मीच प्याले. किती खुळी मी!

चौथ्या दिवशी माळावर तेरखेड्याचे फटाके फुटले. बाबांना फटाक्यांचा भारी तिटकारा, पाखरं उडतात म्हणून. मी गेले तर मांडव घातलेला, भोंगे लावलेले आणि पत्र्याखाली गादीवर दादा बसलेले. खांद्यावर घोंगडी. लाल दोऱ्याचा कोपरा नेमका पुढं आला होता आणि बायाबापड्या तो डोळ्यांना लावत होत्या. भोंग्यावरून कुणीतरी सांगत होतं, की बाबांनी अखेरच्या क्षणी ही आमच्या महाराजांच्या खांद्यावर घातली. दादांनी मला पाहिलं आणि नजर खाली घातली. मला त्यांचा राग गादीसाठी आला नाही. हवी असेल तर घ्या म्हणावं गादी! ते "घोंगडी पाहिजे" एवढंच म्हणाले असते तरी मी दिली असती. पण त्यांनी थंडी वाजते म्हणून मागितली, आणि त्यांना थंडी वाजत नव्हती. बाबांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या चालावं असं एकच वाक्य होतं, ते त्यांनी खोटं करून टाकलं, आणि ते करायला माझंच दार निवडलं.

मग कोर्ट. पुतण्याची माणसं माझ्याकडं आली. "चोरून नेली म्हणा बाई, बाकी आम्ही बघतो." माझ्या मनात तेच म्हणायचं होतं, खोटं कशाला बोलू? दहा दिवस मी ते वाक्य घोळवलं. उभी राहिले तेव्हा मात्र तोंडातून निघालं, "त्यांनी मागितली, मी दिली." दादांचे वकील खुलले. "म्हणजे वारस म्हणून दिली?" मी म्हणाले, "नाही. थंडी वाजते म्हणाले, म्हणून दिली. तिथं वारस कुणीच नव्हतं. बाबासुद्धा तिचे मालक नव्हते." त्या दिवसापासून मी दोन्ही बाजूंना नकोशी झाले. पुण्यतिथ्याही आता दोन होतात, एक माळावर आणि एक शहरात, आणि मला बोलावणं कुठलंच येत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आपल्या पायानं माळावर गेले. पत्र्यांच्या जागी सभामंडप झालाय, फरशी झालीय, दारातली खुंटी गेलीय. घोंगडी काचेच्या कपाटात आहे, कडक चौघडी घातलेली. मी चष्मा पुसून वाकले. घडीच्या खाली भुकटी पडली होती, कसर लागली की पडते तशी. लाल दोरा तेवढा शाबूत होता, कारण तो सुती. दादा गादीवर होते, खूप थकलेले. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, थंडी वाजायलीय. घोंगडी देता का?"

सभामंडपात दहापंधरा माणसं होती. त्यांना काही कळलं नाही. दादांना कळलं. त्यांचे ओठ हलले, हात किंचित वर आला. मला वाटलं किल्ली मागतायत. मग तो हात सेवेकऱ्याकडं वळला आणि पुस्तकी बोलीत ते म्हणाले, "माईंना प्रसादाची शाल द्या." ताई नाही, माई. मी शाल न घेता पायऱ्या उतरले आणि एस.टी. येईपर्यंत रडत बसले.

काल पुन्हा बाजारात गेले. धनगर तिथंच होता आणि त्यानं माझी मेथी एका शेळीला घातली होती. मी एक घोंगडी घेतली आणि दारातल्या त्याच खिळ्यावर टांगली. अजून ताठ आहे. चार अंगांवर फिरली की मऊ पडेल. कुणी मागितली तर द्यायची, विचारायचं नाही. उद्या दादाच दारात आले आणि थंडी वाजते म्हणाले, तरी मी काढून देईन. फक्त चहा टाकायला आत जाणार नाही. चूल बाहेर ओसरीवर घेतलीय.