एका खांबाची टेबलं

पाच डिसेंबर. वहीत लिहिलं होतं, आजचं काम : टेबलांना पाय निवडणे.

बरीच वर्षं घरातून डबे दिल्यावर मी स्टँडजवळ गाळा घेतला होता. तिथं माझं मटणाचं हॉटेल निघणार होतं. स्वयंपाकातलं मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं. फर्निचरमधलंही नव्हतं, असं माझं मत होतं.

दुकानात मी मधोमध एकच खांब असलेली टेबलं पसंत केली. खाली ओतीव बिडाची गोल थाळी, वर ग्रॅनाइट. नवऱ्याचा सगळा जन्म फौंड्रीत गेलेला. त्यानं टेबलाच्या कडेवर बोट दाबून बघितलं.

"खालची थाळी ल्हान हाय. चार पायांची घे."

"चार पायांत गिऱ्हाइकाचे गुडघे अडकतात."

"बघ बाई. हॉटेल तुझं हाय."

(हे तो भांडण टाळायला म्हणाला. मी कौतुक समजले.)

मग मी फरशीवर खडूनं जागा आखल्या. मोकळी ताटं घेऊन टेबलांमधून फेऱ्या मारल्या. प्रत्येक टेबलावर बसून चहा प्यायले. एकही टेबल हललं नाही. कोल्हापुरात मटणाच्या हॉटेलात कुणी चहा प्यायला येत नाही, हे तेवढं राहून गेलं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी घरच्यांना जेवायला बोलावलं. मुख्य पाहुणे लेकीचे सासरे, चंदगडहून आलेले, अंगात पांढराशुभ्र शर्ट. त्यांच्यासमोर माझे दीर बंडाभावजी. उचगावात त्यांचा म्हशींचा गोठा आहे आणि आवाजही गोठ्यातलाच.

"वैनी, रस्सा एक नंबर झालाय की!"

तेवढ्यात त्यांच्या ताटात नळी आली. नळी आली की आतला मगज काढायला ती आपटणं आलंच. नवं ताट खराब होऊ नये (एवढा विचार त्यांनी केला) म्हणून भावजींनी ती टेबलाच्या कडेवर आपटली.

टेबल भावजींकडे झुकलं. भावजींनी ते दोन्ही हातांनी मागं लोटलं. लोटायची सवय त्यांना म्हशींची. टेबल व्याह्यांकडे गेलं. तांबडा आणि पांढरा रस्सा मी जन्मात कधी एकत्र होऊ दिला नव्हता. ते दोन्ही व्याह्यांच्या शर्टावर एक झाले. त्यांना सावरायला नणंद उठली आणि तिनं शेजारच्या टेबलाला हात टेकला. मग तेही गेलं.

"असू द्या, विहीणबाई," कांद्याची फोड खिशातून काढत व्याही म्हणाले. "चव छान आहे."

नवरा दुकानात कडेवर दाबलेल्या त्या बोटाकडे बघत बसला. तेच जास्त लागलं.

"उद्घाटन फुडं ढकलायचं का?" भावजींनी विचारलं.

पत्रिका वाटून झाल्या होत्या. ढकललं असतं तर गल्लीनं म्हटलं असतं, बाईनं डबेच द्यायचे होते.

"उद्याच उघडायचं," मी म्हणाले. "फिटरला बोलवा. टेबलं जमिनीला ठोकून टाका."

फिटर आला. मी गल्ल्यामागं उभी राहून हुकूम सोडत होते. "इकडं घे. आणखी इकडं. बास. ठोक."

शेवटचा बोल्ट बसला. भावजींनी सगळ्या टेबलांवर बुक्क्या मारल्या. एकही हललं नाही. माझी मान ताठ झाली.

"झकास," नवरा म्हणाला. "आता भाईर ये की."

गल्ल्यातून बाहेर यायची वाट होती, बरोबर तिथं टेबल होतं.

"काढून सरकवू काय?" फिटरनं विचारलं.

"नव्या फरशीला आणखी भोकं न्हाईत पाडायची," मी म्हणाले, पदर खोचला आणि टेबलाखालून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल उघडलं आणि मी वाकून, टेबलाखालून, गल्ल्यावर गेले. दारातल्या पहिल्या गिऱ्हाइकानं चपला काढल्या.

"टेबलाला नमस्कार केला व्हय, मालकीणबाई?"

"व्हय. रोजचा हाय. बसा पावणं, नळी बिनधास्त आपटा."

त्यानं आपटली. टेबल ढिम्म. मी गल्ल्यावरून नवऱ्याकडे असं बघितलं, जणू बिडाची थाळी मीच ओतली होती. आणि मग लक्षात आलं, चष्मा स्वयंपाकघरात राहिलाय.

मी सगळ्यांदेखत पुन्हा नमस्कार घातला.