कोंडा नसलेली गाडी

ती केस आठवली की आजही मला हसू फुटते, आणि थोडी लाजही वाटते. दोन हजार सालानंतरचा एक उन्हाळा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका राईस मिलच्या मालकाने तक्रार अर्ज दिला: गॅरेजवाल्याने गाडीच्या एसीत नवा सांगून जुनाच कॉम्प्रेसर बसवला, मिलच्या रस्त्यावर एसी मध्येच दगा देतो. मालक बडे प्रस्थ. मी गॅरेजवाल्याला बोलावले, चौकशी संपेपर्यंत शटर पाडायला लावले आणि त्याला चांगलेच फैलावर घेतले.

"मी कायले फसवीन, साहेब?" तो रडकुंडीला आला. "तीनदा गाडी आणली, तिन्ही वेळा माह्याकडं एसी बर्फावानी थंड. गुन्हा दाखल झाला तं मले कोण गाडी देईन?"

ठाण्याच्या आवारात अर्धा तास गाडी चालू ठेवून पाहिली. गारेगार! मालक म्हणाला, "देखो साहब, पुलिस को देखकर सुधर गई." सगळे ठाणे हसले.

गॅरेजवाला मात्र गाडीच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. "साहेब, गाडी रोज मिलवर उभी राहते. अन् समोरच्या जाळीत कोंड्याचा कण नाही. काऊन?"

मी कान टवकारले. दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणालाही न कळवता, त्याला जीपमध्ये घालून मी मिलवर गेलो. बघतो तर काय! गाडीच्या नाकाला दुहेरी घडीची मच्छरदानी सुतळीने करकचून बांधलेली आणि तिच्यावर कोंड्याचा जाड थर.

"ठाण्यात आली तेव्हा ही कुठे होती?" मी मालकाला विचारले.

"कोंडा आत जाऊ नये म्हणून बांधतो, शहरात जाताना काढून ठेवतो ना, साहेब," मालक पुटपुटला. "लोक हासतेत."

गॅरेजवाल्याने गाडी चालू केली. थोड्या वेळात आत गरम वारा. मच्छरदानी सोडली, पुन्हा गार. समोरून हवा लागली नाही की एसी तापून कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो, निवला की सुरू होतो, एवढेच दुखणे. पंचांसमक्ष पंचनामा केला. मालकाने अर्ज मागे घेतला, माफी मागायलाही तयार झाला.

"माफी गॅरेजवर येऊन मागा, शेठ," गॅरेजवाला म्हणाला. "अन् गाडी बाजारातून आणा. मच्छरदानी बांधूनच."

मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो. ठाण्यात येताना माणूस आपली मच्छरदानी घरीच काढून ठेवतो, हे तेव्हा शिकलो. पुढे जबाब ठाण्यात घेतले, पण खात्री जागेवर जाऊनच केली.

त्याच संध्याकाळी ती गाडी मच्छरदानीसकट बाजारातून आली तेव्हा अख्खा बाजार बघायला जमला होता. गॅरेजचे शटर मी स्वतःच्या हाताने वर केले.